विहिरीत किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरण्याआधी फायर ब्रिगेडवाले विषारी हवा कशी ओळखतात?

त्यांच्याकडे मुठीत मावणारा चार गॅसचा डिटेक्टर असतो. ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेनसारखे पेट घेणारे वायू तो मोजतो. आधी मोकळ्या हवेत चालू करून ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवतोय ना, ते बघतात. मग डिटेक्टरकडे हवा ओढणाऱ्या पंपाची नळी वरूनच आत सोडायची आणि वर, मधे, तळाशी थांबत थांबत रीडिंग घ्यायचं. तळाची हवा नळीतून सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो. घाई केली की वरच्याच हवेचा आकडा दिसतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) गेला की सहसा अलार्म वाजतो.

वासावर विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास, प्रमाण वाढलं की नाकाला कळेनासाच होतो. आपल्या मराठवाड्यात विहिरीत कंदील सोडून बघतात, पण ज्योत विझली तर ऑक्सिजन कमी एवढंच कळतं. हायड्रोजन सल्फाइडचा पत्ता लागत नाही, आणि मिथेन असेल तर भडकाच. गोबरगॅसच्या किंवा कारखान्यातल्या मळीच्या टाकीवर तर हा प्रयोग अजिबात नको.

कुणी आत पडलं असेल तर मागोमाग उतरू नका, १०१ लावा. तोंडाला रुमाल बांधून ऑक्सिजन वाढत नसतो.