यलोस्टोन ते ग्लेशियर, मागे ट्रेलर जोडून

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कहून ग्लेशियर नॅशनल पार्कला जाताना मॅपने दाखवलेला सगळ्यात जवळचा रस्ता लगेच धरू नका. साध्या मॅपला तुमच्या मागे ट्रेलर आहे हे कळतच नाही.

वेस्ट यलोस्टोन गावाहून यूएस २८७ हायवेने एनिस, हेलेना. तिथून आय-१५ ने वुल्फ क्रीक, पुन्हा २८७ ने ऑगस्टा, चोटो आणि यूएस ८९ ने ब्राउनिंग. इथवर चढ-उतार बेताचे आहेत, खरा त्रास वाऱ्याचा. चोटोच्या पुढे आडवा वारा ट्रेलरला ढकलतो, म्हणून हा टप्पा सकाळीच उरका. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर सरळ मुक्काम करा.

ब्राउनिंगहून सेंट मेरीला जाताना ८९ वळणावळणाचा आहे. त्यापेक्षा डक लेक रोडने बॅबला जाऊन खाली या. ईस्ट ग्लेशियरकडचा हायवे ४९ ट्रेलरसाठी नाहीच. पार्कच्या पश्चिमेला जायचं असेल तर यूएस २, मरायस पासवरून.

ग्लेशियर पार्कमधून जाणाऱ्या गोइंग-टू-द-सन रोडवर अॅव्हलांच क्रीक ते रायझिंग सन या भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद वाहन चालत नाही. ट्रेलर कॅम्पग्राउंडवरच सोडा. पण लांब हौद्याचा क्रू-कॅब (चार दारांचा) पिकअप एकटाही २१ फुटांवर जातो, आणि टोइंगचे आरसे बाहेर ओढलेले राहिले की रुंदी बसत नाही. घरीच टेप लावून बघा.

हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर, पडणारं वजन भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. कमी पडलं तर ट्रेलर शेपटी हलवतो. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटर सोडा आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावा.