डावीकडचा ग्लास

"मॅडम, मी आईला टाकून देऊन राहिली का?"

सुनंदाताई खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या पाच-सहा संस्थांची माहितीपत्रकं होती आणि त्यांतलं कोणतं चांगलं ते विचारायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. अशी जागा निवडायला कुटुंबांना मदत करणं हे माझं काम. पण तोंडून आधी बाहेर पडलं ते हे. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.)

आई अठ्ठ्याहत्तरची. सगळं आयुष्य नागपुरात, महाल भागातल्या एका बोळात गेलं. दिवाळीनंतर अर्धांगवायूचा झटका आला. धंतोलीतल्या हॉस्पिटलातून बारा दिवसांनी घरी आणलं तेव्हा डावा हात-पाय लुळा झाला होता, आणि संध्याकाळ झाली की त्यांना वेळकाळ उमगेनासा व्हायचा. सुनंदाताईंनी त्यांना त्रिमूर्तीनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. दिवसा आया पुरवणाऱ्या ब्युरोची बाई. पाच महिन्यांत चार बदलल्या. रात्री स्वतः. मी त्यांना कालची रात्र तेवढी सांगायला लावली. अकराला उठल्या, दीडला, तीनला, मग पाचला. साडेनऊला सीताबर्डीच्या शाखेत कॅश काउंटरवर. मागच्या आठवड्यात एकच गड्डी दोनदा मोजली गेली आणि संध्याकाळी कॅश टॅली होईना. भाऊ बंगळुरूला. पैसे वेळेवर पाठवायचा, दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा, आणि सल्लेही त्याच प्रमाणात द्यायचा.

त्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगून ठेवलं होतं, आईबापाला सोडलं तर तीन महिने तुरुंग आहे म्हणून. हे अर्धं खरं आहे. २००७च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तशी तरतूद आहे: सांभाळायची जबाबदारी असलेल्याने म्हाताऱ्या माणसाला कायमचं वाऱ्यावर सोडायच्या हेतूने कुठे सोडून दिलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिथे चोवीस तास बघणारं माणूस आहे तिथे ठेवणं, खर्च भरणं, जात-येत राहणं याला वाऱ्यावर सोडणं म्हणत नाहीत. हे मी स्पष्ट सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाण्याचा घोट घेतला.

मग फोल्डर उघडलं. माहितीपत्रकांत एक गोंधळ नेहमीचा. नागपुरात नर्सिंग होम म्हटलं की धंतोली-रामदासपेठेतलं, बाळंतपणाचं नाहीतर ऑपरेशनचं छोटं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. म्हाताऱ्यांना महिनोन्‌महिने ठेवणाऱ्या जागा कधी स्वतःला वृद्धाश्रम म्हणवतात, कधी केअर सेंटर, कधी काहीतरी 'होम'. पाटीवर जाऊ नये, कागद मागावा. चालत्या-फिरत्या माणसांचा वृद्धाश्रम बहुधा एखाद्या ट्रस्टचा किंवा संस्थेचा असतो. पण जिथे आजारी माणसाला ठेवून उपचार आणि शुश्रूषा करतात, नाकातली नळी, लघवीची पिशवी, इंजेक्शनं सांभाळतात, तिथे १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालची नोंद हवी, शहरात ती महानगरपालिकेकडे होते. ते प्रमाणपत्र बघायला मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, यावरूनही बरंच कळतं.

भावाला वर्धा रोडची, बुटीबोरीच्या अलीकडची एक जागा पसंत होती. हिरवळ, कारंजं, एसी खोली. मी नोंदणी, रात्रीची नर्स, ऑक्सिजन, लाइट गेल्यावर काय, असं सगळं विचारायला लावलं. उत्तरं ठीक आली. मी म्हटलं, हरकत नाही.

इथे माझं चुकलं. दोन गोष्टी मी विचारल्याच नाहीत. भेटायला कोण जाणार आणि किती वेळा? आणि आईंशी कोणी बोललं आहे का?

दीड महिन्याने, ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, सुनंदाताई पुन्हा आल्या. आईंचं वजन साडेचार किलो उतरलं होतं. लघवीला जळजळ, जीभ कोरडी. संस्थेचं म्हणणं, आजी खात नाहीत, पाणी पीत नाहीत, हट्टी आहेत. "तुम्ही किती वेळा गेलात?" मी विचारलं. "तीनदा," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मेट्रो खापरीला संपते, पुढे ऑटोवाल्याशी घासाघीस, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत एक रविवार पूर्ण जायचा. शिवाय येतो म्हणून आधी फोन करावा लागायचा.

क्लायंटबरोबर मी सहसा जात नाही. त्या दिवशी गेले, फोन न करता, दुपारच्या जेवणाच्या वेळी.

खोली खरोखर छान होती, थंडगार. आजी पलंगावर टेकून बसल्या होत्या. ट्रॉलीवर खणांचं स्टीलचं ताट होतं. उजवीकडच्या खणांतलं वरण-भात संपलं होतं, डावीकडची भाजी आणि पोळी तशीच. पाण्याचा ग्लास पलंगाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर काठोकाठ भरलेला, वर झाकणी, झाकणीवर धुळीचा पातळ थर. घंटीचं बटणही डावीकडेच.

मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. आजींनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कवा आणलं?" आणि भाजी खायला लागल्या.

मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की डाव्या अंगाची शक्ती जाते हे आपल्याला माहीत असतं. पण काही पेशंटच्या बाबतीत डावीकडचं जगच लक्षातून निसटतं. डोळे शाबूत असतात, मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्टने हे सुनंदाताईंना सांगितलं होतं. घरी त्या आपोआप आईच्या उजव्या हाताला बसायच्या, इतक्या आपोआप की सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. संस्थेच्या फॉर्ममध्ये शुगर, बीपी, ॲलर्जी असे रकाने होते, हा रकाना नव्हता. वाईट कोणीच वागलं नव्हतं. फक्त दीड महिन्यात कोणी पंधरा मिनिटं शेजारी बसून जेवताना पाहिलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक कुटुंबाकडून एक पान लिहून घेते. माणूस कोणत्या कुशीवर झोपतो, कोणत्या कानाने ऐकतो, चहा किती वाजता लागतो, कशाने घाबरतो. ते पान पलंगाशी भिंतीवर चिकटवायचं, ऑफिसच्या फायलीत नाही.

निघण्याआधी आजींना विचारलं, इथं कसं वाटतं? खिडकीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "माणूसच दिसून नाही राहिला गं बाई." खिडकीतून कारंजं दिसत होतं.

परतताना गाडीत आम्ही यादी नव्याने केली. पहिली अट: बँकेतून घरी जाताना वाटेत थांबता येईल अशी जागा. माझं आता ठाम मत आहे की एवढ्या पसरलेल्या शहरात घरच्यांच्या रोजच्या रस्त्यावरची साधारण जागा दूरच्या देखण्या जागेपेक्षा बरी. ज्या पेशंटकडे केव्हाही कोणी डोकावू शकतं, त्याची चादर वेळेवर बदलली जाते. माणसाचा स्वभाव आहे, त्यात संस्थेला दोष देण्यासारखं फारसं नाही.

प्रतापनगरजवळ एक जुना दुमजली बंगला निघाला. चौदा पलंग, रंग उडालेला, दारातच भाजीवाल्याचा भोंगा. आम्ही एकदा दुपारी गेलो, एकदा रात्री आठनंतर. दिवसा सगळीकडेच माणसं दिसतात, रात्री किती असतात ते बघायचं असतं. इथे चौदा जणांना एक एएनएम (प्राथमिक नर्सिंग शिकलेली) सिस्टर आणि दोन मावश्या होत्या. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्यांची दर दोन तासांनी कूस बदलल्याची वही होती, आणि त्या रात्रीच्या पुढच्या वेळा आधीच भरून ठेवलेल्या नव्हत्या. तेही मी पाहते. मग म्हाताऱ्यांची नखं आणि चष्मे. चष्म्याची काच पुसलेली असेल तर त्या माणसाच्या चेहऱ्याकडे आज कोणीतरी पाहिलंय.

मॅनेजरशी बोलणं सुनंदाताईंवर सोपवून मी एका मावशीला विचारलं, या आजोबांचं काय हो? ती म्हणाली, "यायले पोळी दुधात नाही चालत, वरणातच कुस्करून पायजे. अन् रेडिओ बंद केला का चिडते." माझ्यापुरती मुलाखत तिथेच संपली.

पैशांचं मात्र कोरड्या डोक्याने लिहून घेतलं. डायपर आणि फिजिओ महिन्याच्या रकमेत आहेत की वेगळे, डिपॉझिट कधी परत, हॉस्पिटलात भरती केलं तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, रात्री दोनला तब्येत बिघडली तर मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, नेणार की खासगीत, आणि ते ठरवणार कोण. शेवटच्या प्रश्नावर भाऊ-बहिणीत फोनवर चाळीस मिनिटं वाद झाला. झाला ते बरंच झालं, रात्री दोनला झाला असता तर वाईट. तक्रार करायची वेळ आली आणि कुठे करावी कळलं नाही, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर त्यांनी तिथेच फोनमध्ये घालून घेतला.

आणि या वेळी आजींना व्हीलचेअरवर आणून जागा दाखवली. त्यांनी रस्त्याकडची खोली मागितली. तिथे आवाज येतो, धूळ येते, सिस्टरने सांगून पाहिलं. "येऊ दे ना," आजी म्हणाल्या. पलंग असा लावून घेतला की खिडकी उजव्या हाताला यावी.

सुनंदाताई आता आठवड्यातून चारदा जातात, कधी दहाच मिनिटं. सुरुवातीला रोज निघताना रडायच्या. मी थांबवलं नाही, फक्त रडणं गाडीत ठेवा म्हटलं. कितीतरी महिन्यांनंतर सलग सात तास झोपल्या त्या दिवशीही त्यांनी मला फोन केला, तेव्हाही त्यांना अपराधीच वाटत होतं. ते पूर्ण जाईल असं मी त्यांना कधी सांगितलं नाही. आईंचं वजन दोन किलोने वाढलं आहे. चहा पाणचट देऊन राहिले, ही तक्रार रोजची आहे.

तान्ह्या पोळ्याला भाऊ आला होता. बंगला पाहून त्याचा चेहरा उतरला. "ताई, हे तर रस्त्यालाच लागून आहे," खिडकीशी उभा राहून तो म्हणाला. बाहेर गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरत होती.

"प्रशांत," आजी पलंगावरून म्हणाल्या, "बाजूला सरक ना बापा. बैल दिसून नाही राहिले."