निळा-पिवळा मिसळायच्या आधी हे वाच

हिरवा मळकट येतोय म्हणालास ना, मग आधी निळी ट्यूब बघ, अल्ट्रामरीन असेल तर त्यात लालसर झाक असते आणि पिवळ्यात ती गेली की हिरवा मरतोच, त्यामुळे पावसातल्या भातखाचरांचा तो झगझगीत पोपटी हवा असेल तर थॅलो ब्लू (हिरवट झाकेचा निळा) आणि लेमन यलो घे. पण अल्ट्रामरीन टाकून देऊ नकोस हं, आंबा-काजूच्या जुन्या पानांना तोच मळकट हिरवा शोभतो. निळा थेंबथेंबच टाकायचा, पिवळ्याला गिळून टाकतो तो.

मोबाईलवर मात्र गणित वेगळं, तिथे प्रकाश असतो त्यामुळे निळा आणि पिवळा मिळून पांढऱ्याकडे जातात, हिरवा होत नाही.

आणि खरं शिकायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात रत्नागिरी-राजापूरकडच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन बस, सीतेची आसवं ही रानफुलं निळी-जांभळी आणि मधेच कवल्याच्या फुलांचा पिवळा, एकमेकांशेजारी दोन्ही इतके उठून दिसतात की बघतच राहावं (माझं तर अजून मन भरत नाही). आपल्या गणपतीच्या शाळांत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यांत, सावळ्या निळ्या कृष्णाला पिवळा पितांबर रंगवतात ना, तिथेही हेच दिसतं.

खाडीवरच्या खंड्याचा निळा तर रंगद्रव्याचा नसतोच, पिसांच्या बारीक रचनेत प्रकाश विखुरतो म्हणून निळा दिसतो. तो काढताना शेजारी थोडा गरम (नारिंगीकडे झुकणारा) पिवळा ठेवून बघ.