नाबाद ४४३ आणि राहिलेल्या नऊ धावा

भात घरात आलं की आमच्याकडे मळ्यांत यष्ट्या उभ्या राहतात आणि माझ्याकडे क्रिकेटच्या प्रश्नांची रीघ लागते. यंदा बहुतेकांनी विचारलंय ते एकाच डावाबद्दल: महाराष्ट्राचे फलंदाज भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ बद्दल. जिल्ह्यातल्या सामन्यांचा स्कोअर लिहिण्यात माझी कितीतरी वर्षं गेली, त्यामुळे या डावाबद्दल कोणी विचारलं की मनापासून आनंद होतो.

प्रश्न (देवगड): निंबाळकर नाबाद होते, तर ब्रॅडमनला गाठायला लागणाऱ्या नऊ धावा त्यांनी का काढल्या नाहीत?

उत्तर: समोर चेंडू टाकायला कोणी उरलंच नाही म्हणून. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी करंडकात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ धावांत संपला. मग निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकरांच्या त्यात २०५. दुसऱ्या गड्याच्या भागीदारीचा तो विश्वविक्रम १९७४ पर्यंत टिकला. निंबाळकर पुढे खेळतच राहिले. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार. तिसऱ्या दिवशी खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या.

ब्रॅडमनचे नाबाद ४५२ हे १९३० सालचे, सिडनीतले; प्रथम श्रेणीतल्या (म्हणजे रणजीसारख्या, अनेक दिवसांच्या वरच्या दर्जाच्या सामन्यांतल्या) एका डावातल्या धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम. चौकार त्यातही ४९ च! पण तो आकडा खेळताना निंबाळकरांच्या डोक्यात नव्हता. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी डाव घोषित करायला सांगितलं आणि तसं होईना तेव्हा त्यांचा संघ पुन्हा मैदानात उतरलाच नाही. सामना सोडून दिला. एवढे तास उन्हात चेंडूमागे धावलेल्या माणसांचा शीण मी समजू शकतो. तरी अजून दोन-तीन षटकं टाकायला हवी होती, असंच मला आजही वाटतं.

प्रश्न (गुहागर): प्रतिस्पर्धी दुबळा होता. मग या विक्रमाला मोल किती?

उत्तर: काठियावाड बलाढ्य नव्हता, हे खरं. पण रणजीत दुबळे संघ दरवर्षीच असतात. त्यांच्याविरुद्ध पंचाहत्तरहून अधिक वर्षं फलंदाज खेळले, तरी भारतात प्रथम श्रेणीच्या सामन्यात दुसऱ्या कोणालाही चारशे गाठता आलेले नाहीत. पृथ्वी शॉने जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ केल्या, तोही ६४ धावांनी मागे राहिला. त्याच्याआधी संजय मांजरेकर ३७७ वर थांबले होते. सव्वाआठ तास एकही चूक गोलंदाजाच्या पदरात न टाकणं, हे समोरच्या संघाच्या ताकदीवर ठरत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): गोव्याच्या जोडीने २०२४ मध्ये हा विक्रम मोडला ना?

उत्तर: नाही, तो भागीदारीचा विक्रम. पर्वरीच्या मैदानावर अरुणाचल प्रदेशविरुद्ध कश्यप बखले (नाबाद ३००) आणि स्नेहल कवठणकर (नाबाद ३१४) यांनी तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ६०६ धावा जोडल्या. रणजीतली ही सर्वांत मोठी भागीदारी. आधीचा ५९४ चा विक्रम महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळे आणि अंकित बावणे यांचा होता.

प्रश्न (अलिबाग): एवढं करूनही ते कसोटी का खेळले नाहीत?

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त छळतो. त्याच मोसमात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. मुंबईची कसोटी १३ डिसेंबरला संपली, पुण्याचा हा सामना १६ ला सुरू झाला आणि कोलकात्याची कसोटी ३१ ला. म्हणजे निवड समितीच्या समोर ताजा ४४३ चा डाव होता! पण मुंबईत हजारे आणि रुसी मोदी या दोघांनी शतकं ठोकली होती; मधली फळी भरलेली होती. तरीही पाच कसोटींच्या मालिकेत, आपल्याच देशात, एक संधी द्यायला हवी होती. प्रथम श्रेणीत ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, आणि कसोटी शून्य. कसोटी न खेळलेल्या फलंदाजाची जगातली सर्वोच्च खेळी आजही त्यांचीच आहे. २०१२ साली डिसेंबरात, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना ते गेले.

प्रश्न (दापोली, नववीतला विद्यार्थी): मी वाडीच्या स्पर्धेत स्कोअर लिहितो. आकडा चुकल्यामुळे कोणाचा मोठा विक्रम हुकलाय का?

उत्तर: हो. ब्रॅडमनचा विक्रम जानेवारी १९५९ मध्ये कराचीत हनीफ मोहम्मदने मोडला. पाचशेच्या उंबरठ्यावर असताना फलकावर त्याच्या नावापुढे ४९६ लागले होते, प्रत्यक्षात तो ४९८ वर होता. अजून चार धावा हव्यात असं समजून, स्ट्राइक राखायला धोक्याची दुसरी धाव घेताना धावबाद झाला, ४९९ वर. पाचशेचा आकडा पुढे १९९४ मध्ये ब्रायन लाराने, नाबाद ५०१ करून ओलांडला. तेव्हा तू दर षटकाला फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज संघाच्या धावांशी ताडून घे, आणि फलकाजवळच्या पोराला मोठ्याने आकडा सांग.