घरी आलोय की दौऱ्यावर?

वास्कोहून एका सुनेचं पत्र आलंय. नाव-गाव गाळून, थोडं आखडून देते.

"ताई, माझे पती मिशनरी आहेत. माझं माहेर मिरजेचं, तिथेच मी नर्सिंग शिकले. लग्नानंतर आम्ही ओडिशातल्या एका डोंगराळ भागात गेलो, त्याला नऊ वर्षं झाली. आता तीन वर्षांनी दहा आठवड्यांसाठी सासरी आलोय. चार आठवडे गेले, त्यात एक रविवार घरी मिळाला नाही. आम्हाला आधार देणाऱ्या अकरा मंडळ्या, म्हणजे चर्चं, आहेत. काही गोव्यात, बाकीच्या बेळगाव, मिरज-कोल्हापूर आणि पुण्याकडे. प्रत्येकीला साक्ष, म्हणजे देवाने तिथे काय केलं त्याची कहाणी, हवी, फोटो हवेत, मुलांनी तिकडच्या भाषेत गाणं म्हणायला हवं. परवा आठ वर्षांची थोरली पुढे जायला तयार होईना, तर हे तिला सगळ्यांदेखत रागावले. सासूबाईंचे गुडघे पार गेलेत. दीर म्हणाले, तुम्ही देवाचं काम करता, आईचं आम्ही करतो. एका बाईंनी माझा फोन हातात घेऊन विचारलं, हा आमच्या वर्गणीतला का? माहेरी दीडच दिवस ठरलाय. शेजारच्या कॅथलिक काकी आम्हाला सांकवाळला संत जुझे वाझ यांच्या देवळात घेऊन गेल्या आणि सहज म्हणाल्या, ते सिलोनला गेले ते परत आलेच नाहीत, तुम्ही निदान येता तरी. मला तिथेच रडू फुटलं. ताई, मला परत जायचंच नाही असं वाटतं. हे कुणाला सांगू?"

बाळा, तुझं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी वाचलं आणि त्याकडे येणारच आहे. पण आधी तुझ्या उरलेल्या सहा आठवड्यांचं बोलू, कारण ते अजून तुमच्या हातात आहेत.

मी पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, घरात वाढले. आमच्याकडे असे सेवक आणि त्यांची कुटुंबं उतरायची. जेवणं झाली की सगळे त्या भाऊंभोवती बसायचे आणि त्यांची बायको आत माझ्या आईबरोबर भांडी विसळायची. तिला कुणी काही विचारलेलं मला आठवत नाही. तुझं पत्र वाचताना वाटलं, विचारणारं कुणी असतं तर यातल्या कितीतरी बायकांनी हेच सांगितलं असतं.

काकी बोलल्या ते खरं आहे. बाणावलीला १६५१ साली जन्मलेले जुझे वाझ १६८७ मध्ये सिलोनला पोचले आणि १७११ मध्ये कँडीला वारले. गोव्याला पुन्हा त्यांचे पाय लागले नाहीत. त्यांची थोरवी कुणी नाकारत नाही. पण ते व्रतस्थ धर्मगुरू होते. त्यांच्यामागून बॅगा ओढत जाणारी लेकरं नव्हती. त्यांच्या मापाने स्वतःला मोजू नकोस, आणि कुणी मोजलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हीच गोष्ट इंग्रज मिशनरी विल्यम कॅरींची सांगतात. १७९३ साली बंगालमध्ये आले, १८३४ साली तिथल्याच श्रीरामपूरला वारले, मधल्या एक्केचाळीस वर्षांत एकदाही इंग्लंडला गेले नाहीत. मराठीचं व्याकरण त्यांनी १८०५ साली छापलं, तेव्हा मराठी माणसाला त्यांचं ऋण मानायलाच हवं. मात्र त्यांच्या पत्नी डॉरोथीबाई आधी यायला तयारच नव्हत्या, मागाहून गळ घातल्यावर निघाल्या, हे उपदेशात कधी ऐकलंयस? १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर त्यांचं मन बिघडलं ते कायमचं, आणि १८०७ मध्ये त्या वारल्या. 'परत न फिरणारा सेवक' हा आदर्श सांगताना त्याची किंमत घरात कुणी मोजली तेही सांगायला हवं. तू रडलीस यात तुझ्या विश्वासाची काही उणीव नाही.

आता मंडळ्यांचं. त्यांचा तुमच्यावर हक्क आहे, आणि तो मी कमी करून सांगणार नाही. पेन्शनीतून दर महिन्याला थोडे पैसे काढून ठेवणाऱ्या आजीला तुम्ही जिवंत दिसावं असं वाटतं. रात्री तुमच्या नावाने प्रार्थना करणाऱ्याला चेहरा बघायचा असतो. पैसे कुठे गेले हे विचारण्यात त्यांचं काही चुकत नाही. पण बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा चौदावा अध्याय शेवटपर्यंत वाच. पौल आणि बर्णबा प्रचाराच्या पहिल्या फेरीहून, ज्या मंडळीने पाठवलं तिच्याकडे, अंत्युखियाला परतले, त्यांनी मंडळीला एकत्र जमवलं, देवाने काय काय केलं ते सांगितलं आणि मग शिष्यांबरोबर बराच काळ राहिले. जमवलं एकदा, आणि राहिले बराच काळ. तुमचं नेमकं उलटं चाललंय. तुम्ही घरोघरी, गावोगावी सांगत फिरताय आणि राहत कुठेच नाही.

म्हणून पहिलं काम हे. गोव्यातल्या मंडळ्यांचा एकच मेळावा घ्यायला सांगा, वास्कोलाच, शनिवारी संध्याकाळी. पणजी-म्हापशाहून माणसं बसने येतील. तीन वर्षांत एकदा एवढं त्यांना सहज जमेल. मिरज-कोल्हापूर भागाचा दुसरा मेळावा मिरजेला. बेळगाव, मिरज, पुणे ही तिन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस तिन्ही ठिकाणी थांबते. मग तीन वेगळ्या फेऱ्या कशाला? जाताना बेळगाव करा. मिरजेला तू आणि मुलं उतरा आणि किमान दोन आठवडे माहेरी राहा. पुण्याला तुझ्या नवऱ्याने एकट्याने जावं. पुण्याच्या मंडळीला तुझी साक्ष ऐकायचीच असेल तर फोनवर रेकॉर्ड करून दे.

हे बेत पाळकांना आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळाला कळवायचं काम तुझ्या नवऱ्याचं आहे. हे मी ठासून सांगते, कारण आपल्याकडे असा निरोप बायकोकडून गेला की सगळीकडे एकच बोललं जातं: भाऊ बिचारे तयार होते, वहिनींनाच नको होतं. तेव्हा फोन त्यांनी करायचे, आणि शब्द त्यांचे हवेत: "आम्ही थकलोय, मुलं थकलीत, आईजवळ राहायचंय." सेवक थकतो हे मंडळीला कळू दे. शिष्य काम करून परतले आणि जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभूनेच त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या असं म्हटलं. ते वचन मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे. तुझ्या नवऱ्याने त्यावर उपदेशही केला असेल.

मुलीबद्दल मला राग आला, तो लपवत नाही. तिला तुम्ही ज्या गावात वाढवलंत तिथली गाणी ती मैत्रिणींबरोबर गाते. ती इथे अनोळखी माणसांपुढे, तिथले कपडे घालून, म्हणून दाखवायची म्हणजे तिचं रोजचं जगणंच प्रदर्शनात मांडल्यासारखं होतं. तिने नाही म्हटलं हे मला शहाणपणाचं वाटतं. तिच्या बापाने तिची माफी मागावी, आणि रागावला चारचौघांत असेल तर माफीही घरातल्या सगळ्यांसमोर मागावी. उरलेल्या सभांत मुलांना व्यासपीठावर नेऊ नका. ती मागे आजीशेजारी बसतील, नाहीतर बाहेर खेळतील.

फोटोंबद्दलही एक सांगते, विचारलं नाहीस तरी. पडद्यावर ज्या पेशंटचे, ज्या आयाबायांचे फोटो दाखवता, त्यांना विचारलंय का? तू नर्स आहेस, पेशंटची गोष्ट पेशंटची असते हे तुला शिकवावं लागणार नाही. ओडिशात धर्मांतराबद्दलचा कायदा १९६७ पासून आहे. गोव्यातल्या सभेत काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत कुठल्या ग्रुपवर फिरेल ते आपल्या हातात नाही, आणि त्याचा त्रास त्या गावातल्या माणसांना होईल. चेहरे दाखवू नका, नावं घेऊ नका. दवाखान्याची पडवी दाखवा, रस्ता दाखवा, पावसात भरलेला नाला दाखवा. आणि यंदा काय जमलं नाही तेही सांगा. दर वर्षी विजयाचीच गोष्ट सांगायची सवय लागली की खरं बोलायला जागा उरत नाही.

फोनचं थोडक्यात. वर्षाचा जमाखर्च एका कागदावर लिहून प्रत्येक मंडळीच्या खजिनदाराला द्या: किती आले, घराला किती, प्रवासाला किती, औषधांना किती. तो दिल्यावर तुझा फोन, साडी, मुलांचे बूट यांवर उत्तर द्यायला तू बांधलेली नाहीस. पुन्हा कुणी विचारलं तर हसून सांग, हिशेब खजिनदारांकडे आहे.

दिरांच्या वाक्यावर मात्र मला थांबावं लागतं, कारण ते बरोबर आहेत. ते तुला टोचलं, पण ते टोचणारच होतं. आईबापाला द्यायचं ते देवाला अर्पण केलंय असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने फटकारलं आहे, मार्कच्या सातव्या अध्यायात. तुझ्या नवऱ्याने रात्री जेवताना भावाजवळ बसून विचारावं: आईच्या औषधांना महिन्याला किती लागतात, डॉक्टरकडे कोण नेतं, वहिनीची रात्रीची झोप होते का? मग आपला वाटा ठरवावा. तो लहान असेल, चालेल, पण दर महिन्याला न चुकता पोचायला हवा. इथे आहे तोवर आईला हाडांच्या डॉक्टरकडे त्यानेच न्यावं आणि दीर-जावेला चार दिवस कुठेतरी जाऊ द्यावं. गेली नऊ वर्षं तेही तुमच्या सेवेला आधार देत आले आहेत. कुठल्याच मंडळीच्या अहवालात त्यांचं नाव नसतं.

आणि हे पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करून ठेवायचे, दिवस आहेत. सासूबाईंची आमसुलं उन्हात पडली असतील, सुकी मासळी भरून ठेवायची असेल, पाऊस जूनच्या सुरुवातीलाच गाठतो. गुडघे गेलेल्या बाईला हे एकटीने होत नाही आणि दुसऱ्याने केलेलं पटतही नाही. दोघं मिळून तिच्या सांगण्याबरहुकूम ते करा. तिच्याशी गप्पा माराव्यात म्हणून मुद्दाम समोर बसलात तर ती तुमच्या चहाच्या मागे लागेल. हातात काम असलं की बोलेल.

आता ते वाक्य. परत जायचं नाही असं वाटणं आणि परत न जाण्याचं ठरवणं यात अंतर आहे, आणि आज तू पहिल्या ठिकाणी आहेस. चार आठवडे धड झोप नसलेल्या बाईने नऊ वर्षांच्या कामाचा निकाल लावू नये. पण ते वाटणं दडपूनही टाकू नये. आधी मिरजेला जा. पहिले काही दिवस नुसती झोप काढ. रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड नक्की बघ. डोंगरात राहणाऱ्या नर्सेस दुसऱ्यांची तपासणी करतात आणि स्वतःची राहून जाते. मलेरिया होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांग. झोप येऊनही मन उठत नसेल, सकाळी काहीच नको वाटत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. कुणी त्याला विश्वासाची उणीव म्हटलं तरी जा.

मग नवऱ्याला सांग. साक्षीच्या सुरात नको, कारणांची यादी नको. "मला परत जावंसं वाटत नाही आणि मी घाबरलेय" एवढंच. तो लगेच प्रार्थनेला बसायला निघाला तर म्हण, आधी ऐकून घे. कदाचित तोही असंच काही मनात घेऊन फिरत असेल; अकरा मंडळ्यांना हसून हात मिळवणाऱ्या माणसाला ते बोलायला जागा मिळालेली नसते. दोघांचं बोलणं झाल्यावर तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेत ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांना भेटा, आणि हे निघायच्या किमान तीन आठवडे आधी करा. गाडीत बसायच्या आदल्या दिवशी सांगितलेल्या गोष्टीवर कुणी नीट विचार करू शकत नाही. मुक्काम वाढवणं, वर्षभर इकडेच राहणं, जागा बदलणं, तू दवाखान्याचं काम करून त्याने फिरणं कमी करणं, किंवा थांबणंच, हे सगळे रस्ते खुले आहेत. यातला कुठला घ्यायचा हे मी इथून सांगणार नाही. पण तुमच्यापैकी एकाने ठरवलं आणि दुसऱ्याने मान डोलावली, असं होऊ देऊ नका.

माहेरी दीड दिवस ठरलाय तो रद्द कर. आजच आईला फोन करून सांग, पंधरा दिवस येतेय.

तुझी,
ताई