ब्लेंडरमध्ये (3D चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेलं गावाचं सीन चांगलं आहे, पण झाडं प्लास्टिकची वाटतात, काय करू?

भाऊ, आधी मोबाईल घेऊन धुऱ्यावर जा अन् एकच बाभूळ नीट पाहा. खाली शेळ्यांचं तोंड पोचते तिथपर्यंत पाला साफ, खोड काळपट, सालीला उभ्या भेगा, अन् एखादी वाळलेली फांदी तशीच लटकून असते, हे सगळं मॉडेलमध्ये आलं की अर्धं काम झालं समजा. ब्लेंडरला जोडायच्या, झाडं बनवणाऱ्या सॅपलिंग अ‍ॅडऑनने सांगाडा पटकन बनते, पण डिफॉल्ट सेटिंगवर सोडू नका, फांद्या फुटतात तिथे जाडी कमी होत गेली पाहिजे.

खरी गडबड पानात असते. कडुनिंबाखाली उभं राहून वर पाहा, उन्हाकडची पानं पिवळसर हिरवी चमकतात कारण उजेड पानातून आरपार येते, म्हणून पानाच्या मटेरियलमध्ये ट्रान्सलुसंट (उजेड आरपार जाऊ देणारा) शेडर मिक्स कराच.

पाचसहा वेगळी झाडं बनवा, ऑल्ट-डीने कॉपी करा म्हणजे सगळ्या कॉप्या मूळ झाडाचाच डेटा वापरतात अन् मेमरी वाचते, प्रत्येक थोडं फिरवा, लहानमोठं करा. आणि पळस फुलवला असेल तर पानं काढून टाका, होळीच्या टायमाले त्यावर पान नसतेच जवळपास.