वाचकांचे प्रश्न: मॅचचे व्हिडिओ वाढतच चाललेत, ठेवायचे कुठे?

प्रश्न: ताई नमस्कार. डिचोली तालुक्यातला आमचा गावचा क्लब, फुटबॉल आणि टेनिस बॉल क्रिकेट दोन्ही स्पर्धा दरवर्षी घेतो. 2015 पासून मॅच शूट करतोय, आधी एकच कॅमेरा होता, आता तीन असतात आणि फायनलला ड्रोन पण. सगळं मिळून 6 टीबी झालंय, पाच हार्ड डिस्कवर पसरलंय, त्यातली एक डिस्क हल्ली टकटक आवाज करते. दर सीझनला एक-सव्वा टीबी वाढतंच. कमिटी म्हणते क्लाउडवर टाका, पण महिन्याला हजार-बाराशेच्या वर द्यायची आमची ताकद नाही, बक्षिसांचे पैसेच आम्ही स्पॉन्सर शोधून उभे करतो. एवढ्यात होतं का आणि कुठली कंपनी घ्यायची? देव बरें करूं.
– एक वाचक, डिचोली

उत्तर: होतं, नक्की होतं. पण हे वाचून झाल्यावर पहिलं काम क्लाउडचं नाही, त्या टकटक करणाऱ्या डिस्कचं करा. ती पुन्हा पुन्हा लावून बघू नका. तिच्यावरचं फुटेज दुसरीकडे असेल तर ती सरळ बाजूला काढा, आणि नसेल तर घरगुती प्रयोग न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, कारण टकटक म्हंजे बहुतेक आतलं हेड बिघडत चाललंय आणि प्रत्येक वेळी चालू केली की आणखी थोडं जातं.

आता कंपनी. सगळेजण आधी कंपनी विचारतात, पण बिल कंपनीपेक्षा जास्त यावर ठरतं की तुम्ही काय ठेवताय आणि ठेवलेलं किती वेळा बाहेर काढणार आहात. क्लाउडमधे ढोबळ दोन प्रकारचं स्टोरेज मिळतं. एक हाताशी असलेलं, क्लिक केलं की फाइल उघडते. बॅकब्लेझ, वसाबी या कंपन्यांचे दर टीबीला महिन्याला सहा-सात डॉलरच्या आसपास आहेत. डॉलर 90 रुपये धरला तर तुमच्या 6 टीबीला महिन्याला साडेतीन हजार, वर 18 टक्के जीएसटी धरा, म्हंजे चार हजारांच्या पुढे गेलं. तुमच्या बजेटात बसत नाही.

दुसरा प्रकार थंड स्टोरेजचा. अॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड सेवेतलं ग्लेशियर डीप आर्काइव्ह, त्याचा अमेरिकेतल्या रीजनचा (म्हंजे डेटा जिथे ठेवतात त्या ठिकाणचा) दर टीबीला महिन्याला जेमतेम एक डॉलर. हे चवथीचं सामान माळ्यावर ठेवल्यासारखं आहे, वर्षभर तिथे पडून राहिलं तर काही त्रास नाही पण आत्ता पाहिजे म्हटलं तर शिडी लावून चढायला लागतं. फाइल मागितली की 12 तासांपर्यंत लागतात, स्वस्तातला बल्क पर्याय घेतला तर 48 तासांपर्यंत. आणि 180 दिवसांच्या आत डिलीट केलंत तरी 180 दिवसांचे पैसे लागतातच.

हा दर बघून लोक खूश होतात आणि सगळंच तिकडे टाकतात, तिथे खरी गोम आहे. ठेवणं स्वस्त, काढणं महाग. 6 टीबी तिथे ठेवायला महिन्याला जीएसटी धरून साडेसहाशेच्या आत पडेल, पण उद्या कंपनी बदलायची म्हणून सगळं एकदम खाली उतरवायला गेलात तर डाउनलोडचा दर जीबीला 9 सेंट आहे, महिन्याचे पहिले 100 जीबी फुकट सोडले तरी हिशोब 48 हजार रुपयांवर जातो, थंडातून बाहेर काढायचा चार्ज वेगळा. मुंबई रीजनमधे डाउनलोड आणखी महाग आहे. म्हणून कमिटीला दर सांगताना दोन्ही आकडे सांगा, ठेवायचा पण आणि काढायचा पण. बॅकब्लेझमधे साठवलेल्याच्या तिप्पट डाउनलोड फुकट असतं, क्लाउडफ्लेअरच्या आर-टू मधे डाउनलोडला पैसेच नाहीत पण ठेवायचा दर टीबीला 15 डॉलर. कुठेतरी पैसे लागतातच, फक्त तुमच्या वापराच्या बाजूला लागू नयेत एवढं बघायचं.

तुमच्यासाठी मी असं करीन. पहिलं म्हंजे 6 टीबीतलं नुसतं फुगलेलं काढा. पाच डिस्कवर पसरलंय म्हणताय म्हंजे एकच फोल्डर दोन-तीन ठिकाणी असणारच, शिवाय वॉर्म-अप, हाफ टाइम, पाहुण्यांची भाषणं, कॅमेरा चालू राहून शूट झालेली जमीन. हे गेलं की समजा 4 टीबी उरलं. मग त्या सगळ्याची एक बघायची कॉपी बनवा. तुमचे कॅमेरे बहुतेक 50 एमबीपीएसला (सेकंदाला 50 मेगाबिट) शूट करत असणार, म्हंजे तासाला साडेबावीस जीबी. तेच एच-265 या कमी जागेत बसवणाऱ्या फॉरमॅटमधे 10 एमबीपीएसला काढलं तर तासाला साडेचार जीबी, एक पंचमांश. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, रात्री लावून ठेवलं की सकाळपर्यंत बरंच होतं. चार टीबीची बघायची कॉपी 800 जीबीत बसली.

पण इथे घाई करू नका. आमच्या पावसातल्या मॅच कॉम्प्रेस करायला सगळ्यात अवघड, प्रत्येक फ्रेमला नवे थेंब, चिखल उडतोय, गवत हलतंय, एन्कोडरला (कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरला) मागच्या फ्रेममधून उचलायला काही मिळतच नाही आणि मग पेनल्टी बॉक्समधल्या गर्दीचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. म्हणून पावसातली एक आणि उन्हातली एक अशा दोन मॅच आधी काढून मोठ्या टीव्हीवर बघा. जर्सीचा नंबर वाचता येतो का, क्रिकेटचा बॉल हवेत दिसतो का. नाही दिसला तर पावसाळी मॅचना 15 एमबीपीएस द्या, बिल थोडंच वाढेल.

मूळ फायली, म्हंजे मास्टर, सगळ्या मॅचच्या ठेवायची गरज नाही. फायनल, सेमीफायनल, कुणाची हॅटट्रिक, असं निवडा, एक टीबीच्या आत ठेवा आणि ते डीप आर्काइव्हमधे टाका. मास्टर निवडून दोन ठिकाणी गेल्याशिवाय आणि बघायची कॉपी तपासून झाल्याशिवाय जुनं काहीही पुसू नका.

आता हिशोब. 800 जीबीची बघायची कॉपी बॅकब्लेझसारख्या हाताशी असलेल्या स्टोरेजवर (वसाबी किमान एक टीबीचे पैसे लावतं), महिन्याला 468 रुपये. एक टीबी थंडात, 90 रुपये. जीएसटी धरून साडेसहाशेच्या जरा वर. दर सीझनला याच पद्धतीने वाढत गेलात तर महिन्याचं बिल दरवर्षी शंभर-दीडशेने वाढेल, म्हंजे तुमच्या बाराशेत तीन-चार सीझन आरामात निघतात. आणि एखाद्या फायनलचं मास्टर परत पाहिजे झालं तर एका कॅमेऱ्याचे 40-45 जीबी, महिन्याच्या फुकट 100 जीबीत बसतं, बाहेर काढायचा चार्ज शंभर रुपयांच्या आत.

सगळ्या मॅचची छोटी कॉपी ठेवाच असं मी आग्रहाने सांगतेय, कारण कुठली मॅच पुढे मोलाची ठरेल हे त्या दिवशी मैदानावर कुणालाच माहीत नसतं. 2024 च्या नोव्हेंबरात पर्वरीत रणजीच्या प्लेट म्हंजे खालच्या गटातल्या सामन्यात गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचलविरुद्ध 606 धावांची नाबाद भागीदारी केली, रणजीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. उद्या तुमच्या मैदानावरचं एखादं पोर तिथवर पोचलं तर त्याची अंडर-14 ची ती कंटाळवाणी लीग मॅचच सगळे शोधत येतील.

आणि शोधता आलं पाहिजे. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं तसंच ठेवलं तर 6 टीबी असून नसल्यासारखं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग स्पर्धा, संघ, कॅमेरा, 2023-12-17_फायनल_कॅम1 असं, म्हंजे फायली आपोआप तारखेने लागतात. इंग्रजीत टाइप करणार असाल तर गावांची स्पेलिंगं एकदाच ठरवून घ्या, आपल्याकडे साखळी दोन तऱ्हेने लिहितात आणि म्हापसा तर कितीतरी तऱ्हेने, मग सर्चमधे अर्ध्या मॅच सापडत नाहीत. एक एक्सेल शीट करा, मॅच, स्कोर, गोल कुणी कितव्या मिनिटाला मारला, कॉपी कुठे कुठे आहे. गोलचं मिनिट लिहिलं असेल तर रील बनवणाऱ्या पोराला दीड तास फुटेज चाळायला लागत नाही आणि अख्खी फाइल खाली उतरवायला पण लागत नाही.

क्लाउडवर टाकलं म्हणून हार्ड डिस्क फेकून देऊ नका. दोन चांगल्या डिस्क ठेवा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. 2021 च्या जुलैतला पूर तुमच्या तालुक्याने बघितलाय, क्लबाच्या खोलीतल्या एकाच कपाटात सगळं असेल तर पाणी डिस्क मोजून आत येत नाही. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, वर्षातून दोन-तीनदा लावून चालू करून बघा. अपलोडसाठी आरक्लोन नावाचं फुकट टूल वापरा, वीज गेली, नेट गेलं तरी परत चालू केल्यावर झालेल्या फायली सोडून पुढे जातं आणि शेवटी दोन्हीकडची फाइल अगदी सारखी आहे का तेही तपासून देतं. 100 एमबीपीएसच्या फायबरवर कागदोपत्री एक टीबी 22 तासांत जातो, तुम्ही दोन-तीन दिवस धरा. आणि अपलोड स्पीड डाउनलोडएवढा मिळतो का ते आधी विचारून घ्या, कित्येक प्लॅनमधे तो कमी असतो.

शेवटचं, ज्याच्याकडे क्लबं दुर्लक्ष करतात. अकाउंट कुणा एकाच्या जीमेलवर उघडू नका. कॉम्प्युटरमधलं कळणारा एक पोरगा सगळं करून देतो, मग तो बोटीवर नाहीतर गल्फला जातो, ओटीपी त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर येत राहतो, बिल थकतं आणि थकलेल्या अकाउंटमधला डेटा कंपनी कायम सांभाळत नाही. क्लबाच्या नावाचा ईमेल, क्लबाचा फोन नंबर, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे, आणि कमिटी बदलली की ताळेबंदाबरोबर हे पण लेखी हस्तांतर. डॉलरमधलं ऑटो-पेमेंट आपल्या बँकांच्या कार्डावर मधेच अडकतं म्हणून महिन्यातून एकदा खजिनदाराने बिल भरलंय का ते बघायचं. दर बदलत असतात, पैसे भरायच्या आधी कंपनीच्या साइटवर एकदा बघून घ्या.

प्रश्न: मी फोंड्याला मुला-मुलींना फुटबॉल शिकवतो. सगळ्या मॅच यूट्यूबवर अनलिस्टेड करून टाकतो, फुकट आहे, मर्यादा नाही. मग क्लाउडचे पैसे कशाला?
– एक प्रशिक्षक

उत्तर: सर, दाखवायला यूट्यूब उत्तम, जपायला नाही. तुम्ही टाकलेली फाइल ते परत कॉम्प्रेस करतात, तुमची मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळेल असं धरून चालू नका. मैदानावरच्या स्पीकरवर गाणं वाजत होतं तर कॉपीराइट क्लेम येतो, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच ब्लॉक. आणि चॅनल गेलं तर सगळं एकदम गेलं. गुगल फोटोजचं अमर्याद फुकट स्टोरेज पण 1 जून 2021 ला बंद झालंच ना.

तुमचा प्रश्न लहान मुलांचा आहे म्हणून आणखी एक. अनलिस्टेड म्हंजे खाजगी नाही, ज्याच्याकडे लिंक पोचली तो कुणीही बघू शकतो, आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची लिंक कुठवर जाईल ते सांगता येत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागितलीय. सीझनच्या सुरुवातीला नोंदणीच्या फॉर्मवरच दोन ओळींची संमती घ्या आणि कुणी नको म्हटलं तर ते मनापासून पाळा, मुलींच्या बाबतीत तर जास्तच. तुमचं फुटेज थोडं असेल तर एस-थ्री वगैरेत पडूच नका, एक हार्ड डिस्क आणि गुगल वनसारखा साधा प्लॅन पुरतो. फक्त ड्राइव्हचं सिंक म्हंजे बॅकअप नाही, लॅपटॉपवर फोल्डर उडवलंत तर क्लाउडमधूनही उडतं आणि ट्रॅशमधे 30 दिवसच राहतं.

प्रश्न: आमच्या शाळेत जुन्या मिनी-डीव्ही टेप आहेत, 2002 ते 2009 च्या तालुका स्पर्धांच्या, तीसेक असतील. काहींवर पांढरट बुरशी दिसते. वाचवता येतील का?
– शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, पेडणे

उत्तर: मॅडम, बुरशीवाली टेप कुठल्याही कॅमेऱ्यात घालू नका, टेप तर तुटेलच, हेडवरची बुरशी पुढच्या चांगल्या टेपला पण लागेल. त्या वेगळ्या पिशवीत काढा आणि टेप साफ करून देणाऱ्याकडेच द्या. उरलेल्यांचं काम मात्र याच वर्षी करा, कारण टेपपेक्षा चालू असलेला मिनी-डीव्ही कॅमेरा मिळणंच कठीण होत चाललंय, आणि त्याला फायरवायर पोर्टवाला (या कॅमेऱ्याची केबल लावायची जुनी जागा असलेला) जुना कॉम्प्युटर पण लागतो. गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या व्हिडिओवाल्यांकडे विचारा, माळ्यावर दोन्ही निघतात.

टेप एक तासाची असेल तर उतरवायला एक तासच लागतो. तासाला 13 जीबी, म्हंजे 30 टेपचे 400 जीबीच्या आत. हाताशी असलेल्या स्टोरेजला महिन्याला अडीचशेच्या आसपास पडतील, जीएसटी वेगळा. इथे वसाबी घेऊ नका, ते किमान एक टीबीचे पैसे लावतात. या फायली कॉम्प्रेस करू नका, डिइंटरलेस (जुन्या व्हिडिओतल्या आडव्या रेघा घालवणं) पण करू नका, टेपवरून आल्या तशाच ठेवा आणि फेसबुकवर टाकायला वेगळी कॉपी काढा. उतरवताना शाळेतले त्या वेळचे सर आणि जमतील तेवढे माजी विद्यार्थी शेजारी बसवा आणि धावणारा कुठला, भालाफेकवाली कुणाची, हे तिथेच वहीत मिनिटासकट लिहून घ्या. टेपवरच्या स्टिकरवर नुसतं 'स्पोर्ट्स 3' लिहिलेलं असतं, त्यातून पुढे कुणालाच काही कळत नाही.